दिवाळीची झाडलोट, परसातले पाहुणे आणि हाताशी असलेली पुस्तके

ओढ्याकाठ (७ ऑक्टोबर)

कोजागरी झाली की घरोघरी दिवाळीच्या आवराआवरीला सुरुवात होते आणि तिचा पहिला घाला परसावर पडतो. पावसाळाभर माजलेले गवत कापले जाते, खांद्याइतके वाढलेले मेंदीचे कुंपण गुडघ्यावर येते, कुर्डू आणि टाकळा उपटून त्यांचा ढीग घातला जातो, आणि संध्याकाळी त्या ढिगाला काडी लावली की परस कसे लख्ख झाले असे समाधान वाटते. नेमक्या याच दिवसांत हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून निघालेले लहान लहान पक्षी आपल्याकडे उतरत असतात, आणि त्यांना हवे असते ते हेच गचपण. या धाग्यात मला एवढेच सुचवायचे आहे, की परसाचा एखादा कोपरा निदान तुळशीच्या लग्नापर्यंत जसाच्या तसा राहू द्यावा, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसावे आणि काय दिसले ते येथे लिहावे. बसायचे म्हटले की हातात पुस्तक येतेच, तेव्हा सध्या काय वाचत आहात तेही लिहावे.

आमचे घर पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या बाजूला आहे. येथे दरवर्षी सर्वांत आधी येतो तो करडा धोबी. सप्टेंबरातच तो न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटावर शेपटी वरखाली हलवत फिरताना दिसतो. त्याच्यामागून वटवटे येतात, आणि ते दिसण्याआधी ऐकूच येतात. मेंदीच्या आतून कोणीतरी ठरावीक वेळाने ‘चक्’, ‘चक्’ असा आवाज करत असेल, तर तो बहुधा ब्लाइथचा वटवट्या असतो. आंब्याच्या शेंड्याकडून दोन तुकड्यांचा बारीक ‘चिस्-वी’ असा आवाज आला, तर हिरवट वटवट्या आला असे समजावे. हे हिरवट वटवटे हिवाळ्यातही आपापली हद्द धरून राहतात आणि शेजाऱ्याला आत येऊ देत नाहीत. त्यामुळे ज्या झाडावर तो आवाज आज ऐकला, त्याच झाडावर तो मार्चपर्यंत ऐकू येण्याची शक्यता मोठी असते.

लाल छातीच्या माशीमाराबद्दल मात्र एक सूचना द्यावीशी वाटते. नावावर विसंबून लाल गळा शोधत बसू नये, कारण तो फक्त प्रौढ नराला असतो. माद्या आणि पहिल्या वर्षातले नर साधे मातकट असतात. शेपटी झटक्यात वर उचलली की तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग चमकतो, तीच त्याची खूण समजावी.

वाचनाचे सांगायचे तर दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा हाती घेतले आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावरच्या लेखांचे आहे. ते सलग वाचून संपवण्यापेक्षा चालू महिन्याचा लेख त्या त्या महिन्यातच वाचावा, असा माझा शिरस्ता आहे. आश्विनाचा लेख सध्या खुर्चीवर उघडाच पडलेला असतो.

पोफळीबन (८ ऑक्टोबर)

धागा अगदी वेळेवर काढलात. आमचे घर चिपळूणजवळ आहे, आणि येथे परस म्हणजे घरामागचे आगर: पोफळी, केळी, दोन-चार कलमे आणि वर्षभर पडत राहणारा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने. आपण कुंपणाबद्दल लिहिले आहे. मी पातेऱ्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडचे बरेचसे पक्षी त्यावरच जगतात. सातभाईंचे टोळके सकाळी आगरात शिरले की एकेक पान चोचीने उलटून पाहत पुढे सरकते. पान उलटायचे, खाली किडा आहे का ते पाहायचे, आणि नसेल तर पुढच्या पानाकडे वळायचे, हे काम ते इतक्या शिस्तीने करतात की ते गेल्यावर त्यांची वाट जमिनीवर स्पष्ट दिसते. कोरड्या, फिकट पानांमध्ये ओली, काळसर बाजू वर आलेल्या पानांचा एक पट्टा उमटलेला असतो. दयाळही तेथेच उतरतो. चैत्र-वैशाखात पहाटेपासून गाणारा हा पक्षी या दिवसांत इतका गप्प असतो, की तो आहे हे केवळ पाने हलल्यामुळे कळते.

ऑक्टोबरात मी विशेष वाट पाहते ती नवरंगाची. तो आमच्याकडे पावसाळ्यात वीण करतो आणि आता दक्षिणेकडे निघतो. प्रवास रात्री होत असल्यामुळे थकलेला नवरंग पहाटे भलत्याच ठिकाणी, कधी पडवीत, कधी न्हाणीघरात, तर कधी शहरातल्या इमारतीच्या जिन्यात सापडतो. असा पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजायला किंवा भात भरवायला जाऊ नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत त्याला काही तास ठेवावे व तरतरीत झाला की पातेरा असलेल्या सावलीच्या जागी सोडावे. पंख लोंबत असेल तर वन खात्याला कळवावे.

आमच्या वाडीत आश्विनात संध्याकाळी घरोघरी पातेरा जाळतात. डास जातात म्हणून जाळतात, परंतु डास पातेऱ्यात नव्हे, साठलेल्या पाण्यात वाढतात. तोच पातेरा नारळाच्या आळ्यात टाकला तर ओल टिकते, खत होते आणि सातभाईंची सोय होते.

वाचन म्हणाल, तर गो. नी. दांडेकरांचे ‘माचीवरला बुधा’ मुलीला वाचून दाखवीत आहे. राजमाचीवर एकटा परतलेला बुधा आणि त्याचा टिप्या कुत्रा एवढीच माणसे (टिप्याला माणूसच म्हणावे लागते), पण माचीवरची झाडे, पाखरे आणि ऋतू यांनी ते पुस्तक भरलेले आहे. शहरातल्या मुलांना ते संथ वाटेल. आगरात वाढलेल्या मुलीला तसे मुळीच वाटत नाही.

शंकेखोर (८ ऑक्टोबर)

वरच्या दोन्ही पोस्टी आवडल्या, तरी दुसरी बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे. माझे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले आहे. पातेऱ्यात फुरसे बसले असेल तर ते हातभर अंतरावरूनही दिसत नाही. घोणस उंदरांच्या मागे घराजवळ येते, आणि उंदीर येतात ते अडगळीत व गवतात. पावसाळ्यानंतर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते, डेंग्यूची तर शहरातही असते. ज्या घरात रांगणारे मूल आहे, किंवा अंधारात मागच्या दारी जाणारी म्हातारी माणसे आहेत, त्या घराने ‘पाखरांसाठी’ गवत राखावे असा आग्रह धरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीमागे केवळ हौस नाही. पावसाळ्यानंतर घराभोवतीची जागा मोकळी करण्याचा तो जुना, शहाणा रिवाज आहे.

पक्ष्यांविषयी मला आस्था नाही असे कृपया समजू नये. सध्या पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे १९८५ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचत आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले, आणि तेथून सगळे सुरू झाले, ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. मला अधिक भावला तो त्यांचा कोरडा, स्वतःची थट्टा करणारा सूर. निसर्गावर लिहिणाऱ्या मराठी लेखकांना हा कोरडेपणा थोडा उसना मिळाला असता तर बरे झाले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ओढ्याकाठ (९ ऑक्टोबर)

शंकेखोर, आपला आक्षेप रास्त आहे, आणि मूळ पोस्टमध्ये मी ‘कोपरा’ म्हटले ते त्यासाठीच. आमच्याकडे घराच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांचा पट्टा पूर्ण स्वच्छ असतो, पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत कापलेले असते, आणि लाकूडफाटा व विटांचे ढीग घराला लागून कधीच ठेवले जात नाहीत. राखीव कोपरा असतो तो कुंपणाच्या कडेला, जेथे संध्याकाळनंतर कोणीही जात नाही. दिवसा जायचे झाले तरी बूट घालून आणि काठीने चाहूल देत जावे. ज्यांचे सगळे परसच दहा पावलांचे आहे, त्यांनी गवत राखूच नये. त्यांच्यासाठी उंच झाडे आणि कुंड्यांतली फुलझाडे पुरेशी आहेत.

डासांबद्दलही लिहितो, कारण पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांकडूनच या बाबतीत हयगय होते. भांडे उथळ असावे. मातीचे पसरट ताट असेल तर उत्तम. पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नसावे आणि तळ खरखरीत असावा. ते पाणी रोज ओतून द्यावे आणि भांडे आतून घासावे, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भांड्यालाच अंडी चिकटवतो. केवळ पाणी बदलल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा रोज घासलेल्या भांड्यात डास वाढणे शक्य नाही.

आता कुर्डू का राखावा, ते सांगतो. आश्विनात कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांत बारीक काळे बी धरते आणि गवतही पिकलेले असते. ठिपकेवाल्या मुनिया त्यावर थव्याने येतात. परवा एक मुनिया मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिली. गवताची काडी तिच्या वजनाने वाकत होती, म्हणून ती शेजारच्या जाड काडीवर बसली, बियांनी भरलेला तुरा चोचीने ओढून पायाखाली दाबला आणि खालून वर एकेक बी सोलत गेली. फोलपटे चोचीच्या कडेने बाहेर पडत होती. तुरा रिकामा झाला तेव्हा तिने पाय उचलला, काडी फटकन सरळ झाली, आणि तिने लगेच दुसरी ओढली.

गॅलरीतून (११ ऑक्टोबर)

ज्यांना परसच नाही त्यांनी काय करावे? आम्ही गोरेगावात सातव्या मजल्यावर राहतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर गॅलरीत दाणे ठेवण्याचा प्रयोग कोणीही करू नये, कारण दाण्यावर फक्त पारवे येतात, आणि एकदा आले की जात नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना होणारा त्रास हा मुंबईत आता चर्चेचा नव्हे, अनुभवाचा विषय आहे. दाण्याऐवजी फुले ठेवावीत. हमेलियाचे एक झुडूप मोठ्या कुंडीत वर्षभर फुलते आणि त्याच्या केशरी नळ्यांवर शिंजीर येतातच.

जांभळ्या शिंजिराचा नर सध्या ओळखू येत नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. वीण संपली की तो चमकदार पिसे टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो; फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद रेघ उरते. आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ गेली काही वर्षे या रेघेच्या पक्ष्याला ‘वेगळी जात’ मानत आले आहेत, आणि त्यांची समजूत काढणे आता मी सोडून दिले आहे.

वाचनात सध्या एक जुने, विलक्षण पुस्तक आहे. ‘ईएचए’ या सहीने लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकन १८५१ साली साताऱ्यात जन्मले, काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होते आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीला लागले. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या पुस्तकात जंगल नाही, वाघ नाही. बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणारे कावळे, मुंग्या, पाली, बेडूक आणि बागेतली पाखरे आहेत. साहेबी अहंकार अधूनमधून खटकतो, पण कावळ्यांवरचे लेखन वाचताना एकटीच हसत होते. १९०० साली त्यांनी मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. शंकेखोर यांना जो कोरडा विनोद हवा आहे तो येथे भरपूर सापडेल. हक्कमुक्त झाल्यामुळे ही पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात.

एडिसनकर (१४ ऑक्टोबर)

न्यू जर्सीतून लिहीत आहे. शिंजिराबद्दल वाचून गंमत वाटली, कारण आमच्या मागच्या अंगणातही सध्या हेच चालले आहे. अमेरिकन गोल्डफिंच हा या राज्याचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात लिंबासारखा पिवळाधमक असणारा नर आता ऑलिव्ह-तपकिरी होऊन बसला आहे, आणि पुष्कळांना वाटते की गोल्डफिंच निघून गेले. ते गेलेले नाहीत. एकिनेशिया या फुलझाडाची वाळलेली फुले आम्ही कापली नाहीत, त्यांच्यावर उलटसुलट लटकून बिया खात आहेत. तुमच्याकडचा कुर्डू आणि आमचा एकिनेशिया यांचे काम एकच दिसते.

खरोखर गेले ते हमिंगबर्ड. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सप्टेंबरअखेरीस येथून निघतात आणि त्यांच्यातले कितीतरी मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडतात. त्यांची जागा आता जुन्को घेत आहेत: पाटीसारखी करडी पाठ, पांढरे पोट आणि उडताना शेपटीच्या दोन्ही कडांना चमकणारी पांढरी पिसे. ते उत्तरेकडच्या जंगलांतून येतात आणि बहुतेक वेळ जमिनीवरच वेचत असतात. पांढऱ्या गळ्याच्या चिमण्याही आल्या आहेत. त्या दोन्ही पाय एकदम मागे ओढून पाने उधळतात. पोफळीबनताईंच्या सातभाईंची चोच आणि या चिमण्यांचे पाय एकाच कामाला लागलेले आहेत.

पानांचा प्रश्न आमच्याकडेही आहे, उलट अधिकच आहे. येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात शनिवार-रविवारी पाने उडवणाऱ्या यंत्रांच्या आवाजाने कान किटतात, आणि हिरवळीवर पान दिसले की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आम्ही पाने पुढच्या अंगणातून काढतो आणि मागच्या झाडांखाली पसरून ठेवतो. काजव्यांच्या अळ्या आणि कितीतरी पतंगांचे कोष त्या पानांखालीच हिवाळा काढतात.

येथे १ नोव्हेंबरपासून ३० एप्रिलपर्यंत ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ चालतो. आपल्या अंगणात ठरवलेल्या दिवशी दिसलेल्या प्रत्येक जातीचे एका वेळी सर्वाधिक किती पक्षी दिसले, एवढीच नोंद करायची असते. हजारो सामान्य घरांतून आलेल्या अशा नोंदींतून कोणती जात कोठे वाढते वा घटते आहे ते कळते. आपल्याकडे ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर हेच करता येते, आणि मराठी माणसांच्या परसातल्या नोंदी तेथे अधिक याव्यात असे फार वाटते.

वाचतो आहे जे. ए. बेकर यांचे ‘द पेरेग्रिन’. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात बहिरी ससाण्यांच्या मागे एक माणूस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत फिरतो, त्याची ही दैनंदिनी. १९६७ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा कीटकनाशकांमुळे इंग्लंडातले हे ससाणे झपाट्याने कमी झाले होते, आणि ही जात संपलीच असे समजून लिहिल्याची धार प्रत्येक पानावर आहे. मात्र ही एका हिवाळ्याची दैनंदिनी प्रत्यक्षात दहा हिवाळ्यांच्या पायपिटीतून रचलेली आहे, हे कळल्यापासून मी थोडा अडखळलो आहे. आपल्याला हे चालते का?

नवेगावकडची (१६ ऑक्टोबर)

एडिसनकर, मला ते चालते, पण एका अटीवर. ‘ऋतुचक्र’मधला आश्विन हा अमुक सालचा आश्विन आहे असा दुर्गाबाईंचा दावाच नाही, वर्षानुवर्षे पाहिलेल्या आश्विनांचा तो एक आश्विन आहे, आणि वाचकाला ते पहिल्या पानापासून ठाऊक असते. दैनंदिनी म्हटली की वाचक तारखेवर विश्वास ठेवतो. बेकर यांची भाषा कितीही तेजस्वी असली, तरी त्यांच्या पुस्तकातून कोणी ससाण्याच्या सवयींचा आधार घेऊ नये, एवढीच माझी अट. साहित्य म्हणून त्याची पारायणे करावीत.

शंकेखोर यांनी मराठी निसर्गलेखनाला लावलेला बोल मात्र मला मान्य नाही. मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र काढून पाहावे. त्यात गूढ आहे, लोककथा आहेत, कोठे कोठे ऐकीव गोष्टीही येतात; परंतु वन खात्यातल्या नोकरीत उभे आयुष्य जंगलात काढलेल्या माणसाची नजर त्याच्या मुळाशी आहे. मी नवेगावबांधजवळच्या गावात वाढले. तेथल्या तलावाचे, ढिवरांचे (मासेमारी करणाऱ्यांचे) आणि पाणपक्ष्यांचे त्यांनी केलेले वर्णन मी प्रत्यक्षाशी ताडून पाहिले आहे आणि मला ते फुगवलेले वाटलेले नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ तर आपल्या कोरडेपणाच्या कसोटीलाही उतरेल: वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई त्यांनी एकही उमाळा न काढता सांगितली आहे.

१८ जून २०२५ रोजी चितमपल्ली सोलापुरात गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून ठरवला आहे. नोव्हेंबर २०२५ चा सप्ताह हा चितमपल्ली गेल्यानंतरचा पहिलाच. भाषणे आणि पोस्टर-स्पर्धा होतीलच. आपण येथे त्या आठ दिवसांत रोज सकाळी पाव तास आपापल्या परसात वा गॅलरीत बसून दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकावी, असे सुचवते.

नागपूरच्या आमच्या अंगणात सध्या थिरथिरा आला आहे. कुंपणाच्या भिंतीवर बसतो, खाली उतरून किडा टिपतो, परत भिंतीवर येतो आणि तांबूस शेपटी थरथरवतो. गचपणाची त्याला गरज नाही. उघडी जमीन आणि बसायला उंचवटा असला की त्याचे भागते. म्हणजे शंकेखोर यांच्या लख्ख अंगणातही एक पाहुणा हक्काने येऊ शकतो.

शंकेखोर (१७ ऑक्टोबर)

ताई, ‘सत्तांतर’ मान्य. बाकीच्यांबद्दलचे मत राखून ठेवतो. थिरथिऱ्यासाठी अंगण झाडून तयार आहे.

पोफळीबन (१८ ऑक्टोबर)

दिवाळीच्या निमित्ताने एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. या दिवसांत रस्त्याच्या कडेला आणि बाजारात सुगरणीची घरटी शोभेसाठी विकायला येतात, आणि ‘ती रिकामीच तर असतात’ असे विकणारा सांगतो. सुगरणीची वीण पावसाळ्यातली असते हे खरे, पण ऑक्टोबरातही उशिराची पिल्ले घरट्यात असू शकतात. शिवाय सोडून दिलेल्या घरट्यांत पांढऱ्या कंठाच्या मुनिया राहतात आणि अंडीही घालतात, तेव्हा रिकामे दिसणारे घरटे पुढच्या कुटुंबाचे असू शकते.

सालिम अलींचा विषय वर निघालाच आहे, तर हेही सांगते, की सुगरणीवरचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास आमच्या कोकणातलाच. नोकरी नसलेल्या दिवसांत ते अलिबागजवळ किहीमला राहत होते आणि घराजवळच्या घरट्यांवर त्यांनी पाळत ठेवली. तो अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. नर अर्धवट घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले की ते पुरे होते, आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे नोंदवले. शोभेला म्हणून दिवाणखान्यात टांगलेले अर्धवट घरटे हे पुष्कळदा नापसंत झालेले घरटे असते, हे टांगणाऱ्यांना सांगितले तर कदाचित उपयोग होईल.

नवशिकी_नाशिक (२१ ऑक्टोबर)

मी येथे नवीन आहे आणि पक्ष्यांतले काहीच कळत नाही, तरी विचारण्याचे धाडस करते. आमच्या जाईच्या वेलात एक लहान मातकट पक्षी दिवसभर असतो, पण पुढे येत नाही. मोबाइलवरचे मर्लिन हे पक्षी ओळखणारे ॲप कधी शिंपी म्हणते, कधी ब्लाइथचा वटवट्या म्हणते. दोघांतला कोणता हे कसे ठरवावे? आणि हा पक्षी पाहता पाहता वाचता येईल असे, फार जड नसलेले पुस्तक सुचवाल का?

ओढ्याकाठ (२१ ऑक्टोबर)

दोघेही एकाच वेलात असू शकतात, त्यामुळे मर्लिन दोन्ही नावे देत असेल तर त्याला लगेच दोष देऊ नये. तरीही नाव स्वतःच्या डोळ्यांनी पक्के करावे. शिंपी असेल तर शेपटी बहुतेक वेळा पाठीवर उभी धरलेली असते, कपाळ विटकरी असते, पाठ हिरवट असते आणि त्या एवढ्याशा जिवाचा ‘टुविट्-टुविट्’ हा आवाज अंगणापलीकडे ऐकू जातो. ब्लाइथचा वटवट्या वरून सरसकट फिकट तपकिरी, खालून मळकट पांढरा असतो. डोळ्याच्या पुढच्या बाजूला आखूडशी फिकट भुवई असते, कपाळ उताराचे आणि चोच लांब दिसते, आणि शेपटी तो उभी धरत नाही. आवाज एकच, कोरडा ‘चक्’.

वेलाजवळ जाऊन पाने बाजूला करू नका. तसे केले की तो आणखी आत जातो. सकाळी ऊन वेलाच्या ज्या बाजूवर पडते त्या बाजूला, सहा-सात पावलांवर, वेलाकडे तोंड करून बसा. किडे उन्हात येतात आणि त्यांच्यामागून तोही कडेला येतो. पुस्तक म्हणाल तर आश्विन आता संपतच आला आहे, तेव्हा ‘ऋतुचक्र’मधला कार्तिकाचा लेख घ्या; थोड्या पानांचा आहे, आणि मधेच वर पाहावे लागले तरी धागा तुटत नाही. दोन-तीन दिवसांनी काय ठरले ते येथे कळवा, आणि जाईचा वेल दिवाळीत छाटायचा बेत असेल तर तो तूर्त पुढे ढकला.